वाळवंटात उगवलेलं अळू

दोन हजार दोन साल असेल. लग्न होऊन दुबईत करामाला आले आणि तिसऱ्याच महिन्यात मी एक जबरदस्त आयडिया काढली. अल ऐनच्या बाजूला एक शेत होतं. महिन्याचे पैसे आधी भरायचे, मग दर शुक्रवारी शेतात जे निघेल त्याचा मोठ्ठा खोका घरपोच. एका घराला संपणार नाही, म्हणून बिल्डिंगमधल्या दोघींना पटवलं: खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या काकू आणि माझ्या समोरच राहणारी पुण्याची. ताजं! केमिकल नाही! थेट शेतातून! इतकं बोलले की मलाच खरं वाटायला लागलं.

खरं कारण वेगळंच होतं. नवरा सकाळी सातला जायचा, संध्याकाळी सातला यायचा. मधले बारा तास मी आणि एसीचा आवाज. शुक्रवारी तो दुपारपर्यंत झोपायचा आणि या दोघी माझ्या हॉलमध्ये यायच्या. पेपर पसरून भाजीचे तीन वाटे करायचे. गावाकडे मासळीचे करतात तसंच काकू भिंतीकडे तोंड करून बसायच्या, मी एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचे, "हा कोणाचा?" त्या न बघता सांगायच्या. तक्रारीला जागाच नाही. मग चहा, पोहे, दोन तास गप्पा. त्या दोन तासांवर मी आठवडा काढायचे.

आणि खोक्यात काय? शलगम. मुळ्याचा गोलमटोल भाऊ. दुसऱ्या आठवड्यात शलगम आणि जरजीर नावाचा कडवट-तिखट पाला. मी उत्साहाने पीठ पेरून त्याची भाजी केली. नवरा एक घास खाऊन म्हणाला, "हे रोज घ्यायचं की एक दिवसाआड?" तिसऱ्या आठवड्यात परत शलगम.

"पुढच्या महिन्यापासून मी नाही हं," पुण्याची म्हणाली. "मुलगा डबा उघडायच्या आधीच 'मम्मा, नॉट अगेन' म्हणतो."

काकूंनी आपल्या वाट्यातलं एक शलगम उचलून परत खोक्यात टाकलं. म्हणजे त्याही जाणार!

मग मी काय केलं? गुरुवारी संध्याकाळी बाजारात गेले, झकास मेथी घेतली आणि फ्रिजमध्ये लपवली. सकाळी पिकअपवाला पठाण "लो बाजी", म्हणजे घ्या ताई, म्हणत खोका ठेवून गेला, की लगेच ती शलगमांखाली पुरली. वर तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती. डिटेलिंग!

"मेथी!" पुण्याची किंचाळली. "बाजारातल्या मेथीला हा वास येतच नाही गं!"

"शेतातली ना," मी म्हटलं. तिने पुढच्या महिन्याचे पैसे तिथेच दिले.

मग मला चढलंच. गवार, वालपापडी... आणि एका शुक्रवारी अळू.

काकूंनी जुडी उचलली, उलटीसुलटी केली. "अळू पाण्याच्या पाटाशी वाढतं. तिकडे पाट आहे?"

"ड्रिप इरिगेशन असतं, काकू!" पुण्याचीने लगेच शेताची बाजू घेतली.

"असेल बाई," म्हणत काकू भिंतीकडे वळल्या. वाटे झाले. आता या सांगणार, पुण्याची भडकणार, शुक्रवार खलास.

पुण्याची गेली. काकू कप विसळायला थांबल्या.

"पुढच्या वेळी शेतात पडवळ उगवव," त्या म्हणाल्या. "आणि एवढं ओझं एकटीने कशाला आणतेस गं? गुरुवारी संध्याकाळी मला हाक मारायला काय होतं? मी तरी घरात काय करते, भिंती मोजते."

त्या गुरुवारपासून बाजारात आम्ही दोघी. काकू भाजीवाल्याला "हबीबी, हे काय भाव झाले?" म्हणून असं झापायच्या की मी लांब जाऊन उभी राहायचे. आमच्या शेतात पडवळ आलं, सुरण आला, एकदा तर कोवळा फणस आला.

"काय हात आहे हो त्या शेतकऱ्याचा!" पुण्याची फणस कुरवाळत म्हणाली.

"एकटा नाही करत तो," काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दोघं राबतात."