उलट्या पायांचे अब्बा

आधी चहा घ्या. कप रिकामा झाला की मगच ऐका. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या शेजारच्या टेलरनं गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टावर चहा सांडला. फजिती माझी झालेली, आणि शर्टाचं कापडही माझ्याच दुकानातून पुन्हा गेलं.

मी सलीम. आलापल्लीत माझं जनरल स्टोअर आहे. दोरी, टॉर्च, ताडपत्री, चपला, मागाल ते मिळेल. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण गल्ल्यावर बसून. गल्ल्यावर बसून अक्कल वाढते म्हणतात. वाढते, पण तिच्या आधी पोट वाढतं.

माझी पोरगी शबाना इथल्याच कॉलेजात बी.एस्सी. करते. मध्यंतरी विद्यापीठाचं पत्र आलं, की पोरांना जन्मभर पुरेल अशी व्यायामाची सवय लावा. खेळाच्या मडावी मॅडम हुशार. त्या म्हणाल्या, व्हॉलीबॉल कॉलेजासोबत सुटतो, चालणं म्हातारपणापर्यंत साथ देतं; आपल्याकडे रस्ता आहे, सागवानाची हवा आहे, अजून काय पाहिजे? रोज सकाळी एटापल्लीच्या रस्त्यानं पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. शबानानं घरोघर फिरून तीस पोरंपोरी जमवली. मैत्रिणींसोबत मोकळ्या रस्त्यानं, कोणाचं काही काम न घेता नुसतं चालायचं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळणार होतं.

पण रस्ता जंगलातला. आणि आमच्या भागात वाघ ही गोष्टीतली गोष्ट नाही. जंगलात मोहाची फुलं वेचायला गेलेलं माणूस वेळेवर परत आलं नाही, की आमच्याकडे चुली थंड पडतात. पालकांची सभा भरली. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं, की करा सुरू, पण वाघाची एक खबर आली तर त्याच दिवशी बंद, पुन्हा विषय काढायचा नाही. पालक एकमेकांची तोंडं पाहू लागले. शबानाचा चेहरा उतरला.

मग मी उठलो. मला बोलायला माइक लागत नाही. म्हटलं, भेता काऊन? पोरांसोबत मी स्वतः चालतो. सगळ्यांच्या मागं चालतो, कारण वाघ मागून येते. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात दुकानात कॅनव्हासचे बूट येऊन पडले होते, हा निव्वळ योगायोग समजा.

टाळ्यांच्या भरात मी व्हरांड्यात जाऊन तिघांना बुटाचे तळवे वाकवून दाखवत होतो, आणि आत मॅडम सावधगिरीच्या सूचना सांगत होत्या. त्या मी ऐकल्या नाहीत. दुकानदाराची खोड आहे ही. आपलं बोलून झालं, की त्याला सभा संपल्यासारखी वाटते.

पहिला दिवस उजाडला तो धुक्यातच. सकाळचे सहा, आणि वीस-पंचवीस पावलांपलीकडं काही दिसेना. नव्या बुटांच्या नाड्या बांधता बांधता मला उशीर झाला. वाकलो की पोट आडवं येत होतं. नाक्यावर पोचलो तर पोरं पुढं निघून गेलेली. धुक्यातून त्यांचं हसणं तेवढं येत होतं. मग तेही थांबलं.

आता रस्त्यावर मी एकटा. दोन्हीकडं सागवान. दव पानावरून पानावर टपकत होतं, आणि प्रत्येक थेंब कुणीतरी पाऊल टाकल्यासारखा वाजत होता. मी थांबलो की आवाज थांबायचा नाही. सगळ्यांच्या मागं चालतो म्हणून छाती ठोकली होती ना? वाघ मागून येतो, हेही मीच सांगितलं होतं. माझी मान सारखी मागं वळत होती. सकाळच्या थंडीत पाठीवरून घाम उतरत होता.

मागं पाहून मान पुढं केली, आणि तिथंच थांबलो.

वीस पावलांवर, धुक्यात, माझे अब्बा उभे होते.

अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. तीच पांढरी दाढी, तीच टोपी, तोच जाड भिंगांचा चष्मा, आणि उधारीवाल्याकडं पाहावं तसे माझ्याकडं रोखलेले डोळे. मी एक पाऊल पुढं टाकलं. अब्बा एक पाऊल मागं सरकले. मी थांबलो, ते थांबले. मी दोन टाकली, ते दोन पावलं मागं गेले, न वळता, नजर माझ्यावरच. मग माझं लक्ष खाली गेलं. पांढरे बूट, आणि टाचा माझ्याकडं.

तोंड इकडं, पाय तिकडं. आमच्या घरात चुडैल म्हणतात, तुमच्या घरात हडळ म्हणत असतील, पाय दोघींचे उलटेच. हात जोडून तिथंच बोलायला लागलो.

"अब्बा, चूक झाली. चालाले जातो म्हणून घरी सांगतो अन् टपरीवर बसतो. डॉक्टरनं गोड बंद केलं, मी जिलेबी खाऊन राह्यलो. घरी कोनाले माहीत नाई. आजपासून बंद करतो. तुम्ही वापस जा."

अब्बांनी ऐकून घेतलं. मग हळूच त्यांचं डोकं फिरलं, आणि त्या तोंडाच्या मागून दुसरं तोंड निघालं. कपड्यात गुंडाळलेलं, नाक नाही, ओठ नाहीत, फक्त दोन डोळे. आणि ते तोंड मला म्हणालं, "अब्बा?"

मेलेला बाप लेकाला अब्बा म्हणाला तर लेकानं काय करावं? मी पळालो. चाळीशीनंतर मी बसच्या मागंही पळालो नव्हतो. त्या दिवशी नाक्यापर्यंत मला माझे बूट दिसत नव्हते.

नाक्यावर टपरीवाल्यानं धरून बसवलं. "सलीमभाऊ, काय झालं जी?" आजूबाजूला दहा माणसं. भरबाजारात सांगू कसा, की बापाचं भूत पाहिलं? तोंडातून निघून गेलं, "वाघ."

एवढा एक शब्द. पुढचं सगळं त्यानंच केलं. जीप गेली, पोरांना परत आणलं. वनरक्षक काठी घेऊन रस्ता पाहून आला. कॉलेजात पालक जमले, एक बाई पोरीला कवटाळून रडत होती. मला खुर्ची, पाणी, हवा. प्राचार्यांनी कागद ओढून बंदची नोटीस लिहायला घेतली. वनरक्षक डोकं खाजवत म्हणाला, "वाघाचे पाय तं नाई दिसले भाऊ. एक मोठं जनावर मात्र ढांगा टाकत नाक्याकडं गेलं आहे. पायात नवे बूट होते त्याच्या."

कोणी हसलं नाही. मीही नाही.

शबाना भिंतीला लागून उभी होती. ओढणी तोंडावरून खाली घेतलेली, आणि हातात पुठ्ठ्याचं काहीतरी, इलास्टिक लोंबणारं. मी जवळ गेलो. तिनं ते उलटं करून दाखवलं. रंगवलेली दाढी. टोपी. चष्मा.

मॅडमच्या सूचना त्या ह्या. वाघ पाठीवर येतो, तोंड दिसलं की बिचकतो. म्हणून मोहवाले डोक्याच्या मागं मुखवटा बांधतात, तसा प्रत्येकानं बनवून आणायचा. आपले अब्बा, म्हणजे मी, मागं पडलो म्हणून पोरगी बेताच्या अंतरानं पुढं रेंगाळत होती. थांबून सोबत घेतलं असतं, तर चारचौघांत मला कमीपणा आला असता ना.

"हे आजोबांचं तोंड काऊन काढलं?" मी विचारलं.

"आजोबांचं नाई. तुमचं हाय. घरात सगळे तुमच्या डोळ्याले भेतात, म्हटलं वाघ बी भेईन."

लोक म्हणतातच, दाढी, टोपी, चष्म्यासकट मी हुबेहूब अब्बांवर गेलो आहे. पण गल्ल्यावर आरसा कुठं असतो?

मग ती आणखी हळू बोलली. "मी कोनाले काईच सांगितलं नाई, अब्बा. बजारात तुमची इज्जत आहे."

डोळे भरलेले, पण सांगणार नव्हती. तिचं चालणं जाणार होतं, माझं नाव राहणार होतं, आणि तिनं हा सौदा मुकाट मान्य केला होता. मी आयुष्यभर सौदे केले, पण इतका वाईट सौदा माझ्या दुकानात कधी झाला नव्हता.

प्राचार्यांचा पेन सहीवर आला होता. मी म्हटलं, "साहेब, सही नका करू. वाघ नव्हता."

वनरक्षक म्हणाला, "मंग काय होतं जी?"

"मी होतो."

आणि मुखवटा तोंडासमोर धरून सगळं सांगितलं. टाचा, जिलेबी, सगळं. आधी मघाची रडणारी बाई हसली, आणि मग खोलीच हसायला लागली. प्राचार्यांनी तर कागदच तोंडावर धरला. शेवटी धानाचं शेत असलेले एक म्हातारे पालक गंभीरपणे उभे राहिले. म्हणाले, "हसू नका. ज्या तोंडाले पाहून सलीमभाऊ पुलाच्या अलीकडून नाक्यापर्यंत पळाले, त्याच्यापुढं वाघ काय टिकते? माह्या पोरीलेबी हेच तोंड पाहिजे."

बाकीच्या पालकांनाही पटलं.

तेव्हापासून चालणं एक दिवस चुकलेलं नाही. रोज सकाळी मी शेवटी असतो, आणि माझ्यापुढं तीस सलीमभाऊ डोळे वटारून माझ्याकडं पाहत पाहत पुढं जात असतात. त्या तिसांत दम लागलेला एकही नाही. दम लागतो तो फक्त अस्सल मालाला.