पाकिटावरचा पक्षी

मुलाच्या अमेरिकेतल्या मित्राने इथे जर्मनीत फुलांच्या बियांचं पाकीट पाठवलं. त्यावर लाल फुलं आणि फुलापुढे हवेत थांबलेला लांब चोचीचा इवलासा पक्षी. मला वाटलं, हा तर शिंजीर. गावी आमच्या जास्वंदीवर रोज यायचा. नातीला सांगून टाकलं, ही फुलं फुलली की पक्षी येतो. ती तिसरीत आहे. तिने वर्गात सांगितलं, माझी आजी पक्षी बोलावणार आहे.

दह्याच्या रिकाम्या डब्यांत बी पेरून खिडकीत ठेवलं. एप्रिलमध्ये चांगलं ऊन पडलं. होळी झाली की थंडी संपते, एवढंच मला माहीत. रोपं बागेत लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या थंडीने सगळी काळी पडलेली. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून काहीतरी बोलली. सुनेने सांगितलं, "आई, त्या म्हणतात, मेच्या मध्यावर थंडीचे संत येतात. ते गेल्याशिवाय रोप बाहेर काढायचं नाही."

संत, आणि थंडी घेऊन येतात? सून म्हणाली, इथे त्या थंड दिवसांना संतांची नावं आहेत; मला काही कळेना. उरलेलं बी पुन्हा पेरलं आणि संत जायची वाट बघितली.

जुलैत फुलं आली. पक्षी नाही. नातीच्या बाईंनी वर्गात सांगितलं, असा पक्षी जर्मनीत नसतोच. मुलं हसली. त्या दिवसापासून नात माझ्याबरोबर झाडांना पाणी घालायला येईना.

मुलगा म्हणाला, "अगं आई, शिंजीर वेगळा, हा अमेरिकेतला वेगळा. इथे दोन्ही नाहीत."

"पाकीट तूच हातात दिलंस ना? तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

शाळेला सुट्टी लागायच्या आधी, एका दुपारी, तो आला. फुलापुढे हवेत थांबला, लांब चोच आत घातली, पंख दिसेनात. मी नातीला ओरडून बोलावलं. ती आली, वाकून बघत राहिली.

"काइन फोगेल, आजी." पक्षी नाही, म्हणे.

"डोळे फुटले का तुझे? शेपटी बघ."

तिने बोटावर पाय मोजून दाखवले. सहा. मुलाने फोनमध्ये बघितलं. दिवसा उडणारा पतंग, किडाच. चोच नव्हे, सोंड. आता पतंगाने पक्ष्यासारखं का वागावं?

तिने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेतला. मग माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "वर्गात काय सांगू?"

पक्षी म्हणून सांग, असं तोंडावर आलं होतं. लांबून कुणाला कळलं असतं? पण मुलं पुन्हा हसली असती, तर तिच्यावर हसली असती, माझ्यावर नाही.

"पतंग आहे म्हणून सांग," मी म्हटलं. "आजीला ओळखता आलं नाही म्हणावं."

"गेनाऊ," बरोब्बर, असं ती म्हणाली आणि पाण्याची झारी उचलून नळाकडे गेली.

तो पतंग आहे हे मी मान्य केलं. पटलेलं मात्र अजून नाही.