आत्याचं ‘व्हय’

आत्या गेली तेव्हा शेजारच्या हिराबाई तिच्याजवळच बसल्या होत्या, आणि त्यांना ते कळलं नाही. फोनवर त्या हेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. “म्या आपली वाट बघत बसले, ताई. आत्याबाई आत्ता व्हय म्हनतील, मग म्हनतील... पार अंधारलं तवा हात लावला. गार लागला.” मी सणसवाडीत कंपनीच्या गेटवर उभी होते. शिफ्ट सुटली होती, चहूकडून दुचाक्या निघत होत्या. मला रडू आलं नाही. हिराबाई त्या खोलीत किती वेळ एकट्याच बसल्या असतील, हेच आधी मनात आलं.

ज्यांनी सलोमीआत्याची प्रार्थना पाहिली नाही, त्यांना हे खुळ्यासारखं वाटेल. मुलींच्या बोर्डिंगात तिनं जन्मभर स्वयंपाक केला, लग्न केलं नाही. दौंडला रेल्वेलाइनच्या अंगाला तिची एक खोली होती. दिवेलागणीला ती भिंतीला टेकून सतरंजीवर बसायची. दार नुसतं लोटून ठेवायची, कडी लावायची नाही. बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची, कुणाकुणाची नावं घेऊन देवाजवळ मागणं मागायची आणि मग गप्प व्हायची. आमेन नाही, काही नाही. ती शांतता कधी क्षणभर, तर कधी चुलीवरची भाजी करपेपर्यंत. मालगाडी जायची, मांडणीवरची भांडी थरथरायची, लोटलेलं दार जरासं आत यायचं... आणि कुणी काही विचारल्यासारखं आत्या हळूच म्हणायची, “व्हय.” आमेन त्यानंतर. तोवर कुणी हलायचं नाही, हा त्या खोलीचा नियम. हिराबाई भाजी विकून आल्या की माळव्याची पाटी उतरवून रोज उंबऱ्याशी टेकायच्या. त्यांच्या घरात खंडोबाचा टाक आहे, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

माझी आई वारली आणि बाबांनी मला शिरूरहून आत्याकडे आणून सोडलं, तेव्हा मी चौथीत होते. प्रार्थनेत सगळे डोळे मिटायचे, मी मात्र दाराकडे बघत बसायची. एकदा धीर करून विचारलं, “आत्या, दारात कोण असतं?” ती भाकरी थापत होती. “असंल कोनीबी. आपल्याच घरी येतंय न्हवं, मग तू कशाला भ्यायचं?” एवढ्यानं माझं समाधान होईल असं तिला खरोखर वाटलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिचा पदर धरून झोपत असे.

पुढे चर्चमध्ये माझं दृढीकरण ठरलं, म्हणजे आपला विश्वास आपल्या तोंडानं सगळ्यांसमोर कबूल करायचा. त्याच्या तयारीच्या वर्गात सगळी उत्तरं मला तोंडपाठ होती, पाळकसाहेबांनी कौतुकही केलं. पण आत काहीतरी खुपत होतं. आत्याला काहीतरी ऐकू येतं आणि मला येत नाही, म्हणजे मी तिच्या विश्वासात नुसती भाडेकरू. एक दिवस मी ते बोलून टाकलं. आत्या हसली. “मला तरी कुठं ऐकू येतंय?”

“मग व्हय कशाला म्हणतेस?”

“इचारलंय, एवढं कळतं. काय इचारलं, ते मागनं कळतं.” मग हातातलं काम थांबवून म्हणाली, “तुझी आई जायच्या आधी असंच एकदा व्हय म्हनले हुते. तुझ्या बाबानं तुला दारात आनून उभी केली, तवा समजलं कशाला.”

त्या उत्तरानं मला धीर यायला हवा होता. उलट मी आणखीच भ्याले. माणूस आधी होकार देतो आणि मग त्याच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहतं, हा कसला व्यवहार?

सणसवाडीत नोकरी लागली ती क्वालिटीत. मापात न बसणारा पार्ट बाजूला काढायचा, हे माझं काम आणि हळूहळू स्वभावही. भाड्याच्या खोलीत मीही संध्याकाळी बसून बघायची, पण कडी लावून, कारण तिथं दार लोटून ठेवलं तर चपलासुद्धा राहत नाहीत. कूकरच्या शिट्ट्या, पलीकडच्या खोलीतल्या बिहारी पोरांचा टीव्ही, बाकी काही नाही. आत्याला फोनवर सांगितलं की म्हणायची, “बसतीस ना? मग बसत जा.” शेवटच्या भेटीत, रविवारी, तिची शांतता नेहमीपेक्षा लांबली. ‘व्हय’ म्हणून तिनं डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे बघितलं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, “काय न्हाई. तुझं नाव निघालं.” आणि चहा टाकायला उठली.

मातीच्या दिवशी पाळकसाहेबांनी कबरीपाशी शेवटची प्रार्थना केली आणि आमेनच्या आधी ते थांबले. चर्चमध्येही आत्याच्या ‘व्हय’साठी थांबायची सवयच ती, त्यांनाही आणि सगळ्या मंडळीलाही. कुणाच्याच लक्षात आलं नाही की जिच्यासाठी थांबलोय ती खाली पेटीत आहे. माणसं हातात माती घेऊन तशीच उभी. लांबून एक मालगाडी आली, गेली... आणि कुणीतरी “व्हय” म्हणालं. पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं, माती पडू लागली. घरी येताना हिराबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. “आवाज आत्याबाईंचाच हुता, ताई. पर तोंड तुमचं हाललं.” मला काही आठवत नाही. मी खोटं बोलत नाही, मला खरंच आठवत नाही.

गेल्या आठवड्यात खोली रिकामी करायला गेले. भांडी बांधली, सतरंजी तेवढी राहिली. दिवेलागण झाली आणि कडी काढून, दार लोटून मी तिच्या जागेवर बसले. भिंतीला तिच्या पाठीचा तेलकट डाग आहे, तिथेच टेकले. फार भीती वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. जी नावं आठवली ती घेतली आणि गप्प राहिले. ऐकू काहीच आलं नाही. पण विचारलं जातंय, हे मात्र कळलं. कसं ते मला सांगता येणार नाही, कुठल्याच मापात ते बसत नाही. दार जरासं आत आलं. या वेळी मी शुद्धीवर होते, नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “व्हय.”

बाहेर पायरीवर पाटी आदळल्याचा आवाज झाला. मग दाराच्या फटीतून हिराबाईंचा अगदी बारीक आवाज आला, “आत्याबाई?”

“नाही,” मी म्हटलं. “मी आहे. या आत. आणि दार लोटूनच ठेवा.”