ठिपक्याचे रुपये

एक रुपया बोटाच्या टोकावर तोलायचा, दुसऱ्या रुपयाच्या कडेने त्याला हलकेच टोला द्यायचा आणि तो समोरच्याच्या कानाशी न्यायचा. "ऐका. चांदी बोलतीया." मग तोच रुपया डोळ्यांपासून वीतभर लांब धरून, "आता ठिपका बगू."

नव्वद सालानंतर लगेचच मी शेळगावच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो. रुपया असा वाजवून दाखवणारे हे तिथले आमचे ड्रेसर, जनावरांची मलमपट्टी करणारे मदतनीस. गावं मात्र त्यांनाच डॉक्टर म्हणत आणि मला 'डॉक्टरांबरोबरचे साहेब'. पदवी माझी होती, पण अडलेली गाय त्यांचा हात लागल्यावर मोकळी व्हायची, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करणार? तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, नोकरी एकीकडे आणि जीव भलतीकडे.

त्यांचा जीव होता मुंबईच्या टांकसाळीत पडलेल्या राजाछाप रुपयांत. सालाजवळच्या बारीक ठिपक्यावरून ते मुंबईचा रुपया ओळखत. ठिपका नसला की, "चांगला हाय, पर आपला न्हाय," म्हणून परत देत. लस टोचायला घरोघर जायचो, तेव्हा निघता निघता विचारत, "मावशे, जुना बंदा रुपया हाय का गं?" पेपरात आलेला चांदीचा भाव वाचून दाखवत आणि वर थोडे जास्तच देऊन घेत. मी चेष्टा करायचो, "बँकेत टाका की." ते म्हणत, "बँकेतला पैसा असा वाजवून बगता येतो व्हय?"

या नादाची सुरुवात मात्र त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या पाटल्यांतून झाली होती. पहिले पंधरा-वीस रुपये एका घरातून एकदम मिळत होते, तेव्हा वहिनींनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून दिल्या. सगळ्या सालांची रांग पुरी झाली की ती विकायची आणि पाटल्या तशाच्या तशा करून द्यायच्या, असा यांचा शब्द होता. बारामतीला महिन्यातून एकदा पुण्याचा नाण्यांचा व्यापारी यायचा. पुऱ्या रांगेला तो चांगली किंमत द्यायला तयार होता. अडलं होतं एकाच सालावर.

त्या सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला, की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली आणि सरकारने बरेचसे रुपये वितळवून टाकले. त्यांतून वाचलेला एक वरकुट्यात मिळाला. म्हशीचं रेडकू सुखरूप निघाल्याच्या आनंदात तिथल्या आजींनी तो डब्यातून काढून दाखवला. ड्रेसर भिंग लावून बघतच राहिले. "सायेब, पंचवीस वर्सं जनावरं हाताळतोय. ह्यो हत्तीच हाय. बिचाऱ्याला उगाच बदनाम केलं." आजींना त्यांनी त्याची खरी किंमत सांगितली, आणि दिलीही.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं बारामतीला गेलो. व्यापाऱ्याने फडकं उलगडलं आणि त्याचा चेहरा उतरला. सगळे रुपये आरशासारखे चकचकीत. लक्ष्मीपूजनात मांडायचे म्हणून वहिनींनी ते चिंच आणि राखेने घासून काढले होते. पूजेत बघून आम्ही दोघांनीही त्यांचं कौतुकच केलं होतं. व्यापारी म्हणाला, "जुन्या नाण्याचं मोल त्याच्या काळपटपणात असतं हो. आता नुसत्या चांदीचे पैसे मिळतील."

परतताना काटेवाडी मागे पडली. तेव्हा ड्रेसर म्हणाले, "सायेब, तिला कळू द्यायचं न्हाय. लक्ष्मी म्हणून घासल्यात तिनं."

वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय म्हनला?"

"म्हनला, असली झळाळी उभ्या जिल्ह्यात न्हाय. भाव चढंस्तवर ठिवा."

वहिनी हसल्या. मीही चहा पिता पिता मान डोलावली. इतकं सफाईदार खोटं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पुढे दर दिवाळीला वहिनी रुपये घासायच्या आणि हे शेजारी बसून चिंचोके काढून द्यायचे. "चिंच पुरंल का गं?" मोठ्या मजेत चालायचं. पाटल्यांचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही.

दशक सरता सरता ते गेले. माझी बदली झाली होती, पण दिवाळीच्या सुमाराला मुद्दाम भेटायला गेलो. वहिनी एकट्याच रुपये घासत बसल्या होत्या. मला राहवलं नाही, मी त्या दिवसाचं सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "पुढच्याच बाजारात सोनारानं सांगितलं हुतं."

"मग दर वर्षी घासत का राहिलात?"

"थांबले असते तर त्येंना कळलं असतं की मला कळलंय." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पाटल्या काय, झाल्या असत्या न् हातात ऱ्हायल्या असत्या. पर मला वाईट वाटंल म्हणून ह्यो मानूस इतका जपतोय, हे मला कशातनं दिसलं असतं?"

मी त्यांच्यासमोर बसलो, एक रुपया उचलला आणि घासायला लागलो.