डायलिसिसचा बाक आणि प्राजूचा फॉस्फरस

एकाच बाकावर आठवड्यातले तीन दिवस, चार-चार तास बसलं की किस्से आपोआप साठतात. वेचायला जावं लागत नाही. द्वारका चौकाच्या पुढं एका दवाखान्यात लहान मुलांचं डायलिसिस होतं. तिथं दाराबाहेर आमचा बाक आहे. मुलं आत, आम्ही आज्या-आजोबा बाहेर. आईबाप कामाला गेलेले असतात.

माझी नात प्राजू अकरा वर्षांची आहे. दोन्ही किडन्या काम करत नाहीत. मी मखमलाबादकडचा, झेंडू लावणारा माणूस. मला लिहिता येत नाही. शेवटच्या तासाला आत बसू देतात, तेव्हा मी सांगतो आणि ती लिहिते. सुया डाव्या हाताला असतात, उजवा मोकळा असतो. तिला नको ते ती गाळत असणार. मला काय वाचता येतंय!

*

सुरुवातीला एकदा डॉक्टर म्हणाले, "बाबा, प्राजूचा फॉस्फरस फार वाढलाय."

मला फॉस्फरस खताच्या गोणीतला माहीत. म्हटलं, "मग बरंच आहे की. फुलं चांगली धरतात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं. किडनी चालत नसली की फॉस्फरस रक्तात साठतो. तो हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतो, आणि मग दोघं जाऊन नसांच्या भिंतीत बसतात. नसा कडक होतात. सुनेनं, म्हणजे प्राजूच्या आईनं, आपली किडनी द्यायची ठरवली होती, तिच्या तपासण्याही जुळल्या होत्या. पण नसा कडक झाल्या तर ती किडनी जोडायची कुठल्या नसेला? सहा महिन्यांनी गळ्यातल्या नसेची सोनोग्राफी करून बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, असं ते म्हणाले.

मी विचारलं, "डॉक्टर, ठिबकच्या नळीत क्षार धरला की आम्ही ॲसिड सोडतो. नळी मोकळी होते. तसं काही?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाबा, तुमची नळी दुकानात मीटरवर मिळते. हिची मिळत नाही. हिच्यात क्षार धरूच द्यायचा नाही."

*

त्यासाठी गोळी दिली. चांगली मोठी, पांढरी. आमच्या घरात औषध म्हणजे सकाळी अंघोळ झाली की, देवाला हात जोडून, उपाशीपोटी. माझ्या आईपासूनची रीत. महिनाभर तशीच दिली. फॉस्फरस तसूभर हलला नाही. त्यानं अंगाला खाज सुटते, पोर खाजवून खाजवून बेजार. आमच्या हिनं मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली.

प्राजू म्हणाली, "आजी, ओवाळायचं तेवढं ओवाळ. पण ते मीठ माझ्या ताटात नको."

डाएटच्या मॅडमना हे सांगितलं, तर त्या कपाळाला हात लावून बसल्या. "बाबा, ही गोळी पोटात गेलेल्या अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते. पोटात अन्नच नाही, तर ती धरणार काय?"

तेव्हापासून गोळी घासाबरोबर. पुढं एका लग्नात पंगत बसली. पहिला घास उचलणार तोच प्राजू मोठ्यानं म्हणाली, "आबा, माझी गोळी!" मी खिशातून डबी काढली. पलीकडं बसलेले तिघं म्हातारे बघत होते. एकानं हात पुढं केला, "कशाची हाय? जेवण जिरायची आसंल तर इकडं पण द्या एक. जिलब्या लय झाल्यात."

*

गोळीचं जमलं, पण पोटॅशियम वरच अडून बसलं; तेही रक्तात साठतं. मॅडमनी सांगितलं होतं, डाळ आणि भाज्या भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी काढून टाकायचं, मग फोडणी. पोटॅशियम पाण्यात उतरतं, फॉस्फरसही थोडा जातो. आमची ही रोज मनापासून उकळत होती. तरी रिपोर्ट वाईट.

मॅडम हिला म्हणाल्या, "आजी, पाणी काढता ना?"

"काढते की. सगळं काढते."

"आणि टाकता कुठं?"

"टाकू कशाला? त्याची कटाची आमटी करते. पोरीला आवडती."

म्हणजे डाळीतून काढलेलं सगळं पोरीच्या पोटात वाटीनं जात होतं, वरून गोडा मसाला घालून. मॅडमना आधी राग आला, मग हसू आलं. त्यांनी आमच्या हिला दवाखान्यातल्याच मोरीशी नेऊन उभं केलं, हातात पाण्याचा तांब्या दिला आणि सराव म्हणून ओतायला लावलं. ही ओतताना म्हणाली, "डाळीचं पाणी मोरीत. माझी सासू बघत आसंल वरून."

*

आमच्या बाकावर पारूबाई आहेत, पेठच्या डोंगरातल्या. त्यांचा नातू किसन. डायलिसिससाठी पोरांच्या एका हातात दोन नसा जोडतात. तिथं कान लावला की घरघर ऐकू येते. घरघर चालू म्हणजे जोड चालू. पारूबाईंनी तिला नाव ठेवलंय, गिरणी. रोज पहाटे किसन उठायच्या आधी त्याच्या हाताला कान लावायचा, गिरणी ऐकायची, मगच चूल पेटवायची.

एक दिवस पहिल्या एसटीनं किसनला घेऊन धापा टाकत आल्या. त्यांच्या नंबराला अजून वेळ होता. डोळ्यांना पदर. "बाबा, पोऱ्याची गिरण बंद पडली."

जोड बंद पडला तर पुन्हा कापाकापी. नर्सबाई धावत आल्या, किसनचा हात धरला, बोटं लावली. मग म्हणाल्या, "आजी, चांगली जोरात चालू आहे."

पारूबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः कान लावला. ऐकत राहिल्या. किसन जांभई देत म्हणाला, "आजे, रातचा मी कूस बदलून निजलो होतो. तू उजव्या हाताला कान लावलास."

पारूबाईंनी त्याच्या पाठीत हलकी चापट मारली. "मंग तवाच नाय सांगायचं?"

"तू एसटीत रडत होतीस. मधी कसं बोलू?"

*

सहा महिने झाले. सोनोग्राफीचा दिवस आला. सून कामावर सुट्टी टाकून आली होती, पण तिला आत जायचा धीर होईना. म्हणाली, "आबा, तुम्हीच जा."

खोलीत अंधार. प्राजूच्या गळ्याला गार चिकट मलम लावलं, ती खुदकन हसली. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. डॉक्टरांचं एकच चाललं होतं. यंत्र इकडं फिरव, तिकडं फिरव. मी प्राजूचा पाय धरून उभा.

मग ते हळूच म्हणाले, "भिंत पातळ आहे."

मी स्टूल शोधून बसलो. डॉक्टर वळले. "काय झालं, बाबा?"

म्हटलं, "पातळ भिंत पहिल्या पावसात बसती, डॉक्टर. आता काय करायचं?"

"अहो, नसेची भिंत पातळच पाहिजे. जाड झाली, कडक झाली, तर वाईट. हिची पातळ आहे, मऊ आहे. हे बघा, ठोक्याबरोबर कशी हलतेय." त्यांनी बोटानं पडद्यावर दाखवलं. "फॉस्फरसही खाली आलाय. तारीख ठरवू या ऑपरेशनची."

मी बाहेर आलो. सुनेनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हटलं, "पातळ आहे." ती मटकन खालीच बसली. मग तिला सगळं नीट सांगायला मला पाच मिनिटं लागली. डोळे पुसत म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी आधी चांगलं सांगा, मग भिंतीचं."

*

त्यानंतरच्या पाळीला मी काय केलं, ते सांगतो. आनंदाची बातमी म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसं जायचं? प्राजूला आईबरोबर पुढं धाडलं, मी वाटेत उतरलो आणि किलोभर पेढे घेतले. ताजे, केशराचे. दवाखान्यात शिरलो, आतलं दार ढकललं आणि खोका उघडला.

पाच खाटांवर पाच मुलं. पाचही डोकी एकदम वर झाली.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. दूध, खवा, दोन्हीत फॉस्फरस. त्या खोलीतल्या एकाही लेकराला चालत नाही. डाएटच्या मॅडम दारातच उभ्या होत्या. नुसत्या खोक्याकडं बघत होत्या. मला खोका लपवायला जागा सापडेना.

प्राजूला अजून सुया लागायच्या होत्या. ती खाटेवरून उतरून आली, माझ्या हातातून खोका घेतला आणि किसनच्या खाटेशी गेली. त्याच्या नाकाखाली धरला.

"वास घे," ती म्हणाली. "वासात फॉस्फरस नसतो."

किसननं डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग पुढची खाट, मग त्याच्या पुढची. कुणी घाई केली नाही. प्रत्येकाला हवा तेवढा वेळ तिनं दिला. सगळ्यांचं झाल्यावर ती दाराशी गेली आणि खोका मॅडमसमोर धरला. मॅडमना तर काहीही चालतं.

मॅडमनी एक पेढा उचलला, नाकाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला, आणि परत खोक्यात ठेवला.