घड्याळाच्या झाकणातलं बेलाचं पान

सोलापूरच्या मंगळवार पेठेत गुरुसिद्धप्पा घड्याळजींचं दुकान म्हणजे एक फळी, एक काच आणि काचेला टेकलेलं अप्पांचं पोट. डोळ्याला भिंग लावलं की लोक म्हणत, आता अप्पा बायकोचंही ऐकायचे नाहीत. बायको देवाघरी गेली तरी लोकांनी हे म्हणणं काही सोडलं नाही.

मेलेल्या घड्याळांचे अवयव अप्पा तंबाखूच्या डब्यांत जपून ठेवत. एकाचं मशीन, दुसऱ्याची डायल, तिसऱ्याचे काटे जुळवून असं मनगटी घड्याळ उभं करत, की गिरणीच्या भोंग्यानं त्याला विचारून वाजावं. गिऱ्हाईक खूश. शौकीन मंडळी मात्र नाक मुरडत आणि अशा घड्याळाला खिचडी म्हणत. शौकिनाला घड्याळाची वेळ नको असते, कूळ हवं असतं.

लेक एकच, महानंदा. तिला अक्कलकोटच्या शिवशरणचं स्थळ आलं. पोरीच्या मनात भरलं होतं. शेजारणी सांगत, अक्कलकोटचं नाव निघालं की हिचं दूध उतू जातं. मुलाकडच्यांचं मागणं एकच, जावयाला नवंकोरं विलायती मनगटी घड्याळ. ते घेणं अप्पांच्या आवाक्यात नव्हतं. त्यांनी डब्यांतले निवडक भाग काढून ते स्वतःच जुळवलं, महानंदानं घासून लखलखीत केलं, आणि अप्पांनी निरोप धाडला, मुंबईहून आणलंय.

साखरपुड्याला शिवशरण आणि त्याचे मामा चनबसप्पा आले. गृहस्थ घड्याळांचे शौकीन. दुसऱ्याच्या घड्याळाची पाठ उघडल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. त्यांनी चाकूच्या टोकानं झाकण उचकटलं, चाल बघून वा म्हटलं, मग झाकण उजेडाकडे धरलं. आत सुईनं कोरलेलं बेलाचं इवलंसं पान होतं.

काम पुरं झालं की घड्याळजी झाकणाच्या आत आपली खूण कोरतो. तक्रार आलीच, तर हात कुणाचा लागला ते कळावं. जन्माची सवय. अप्पांच्या हातानं ती अप्पांना न विचारता कोरली होती.

"नवं म्हणता, आन् हे तर घड्याळजीच्या हातनं गेलंय," चनबसप्पा म्हणाले. "मशीन एका घरचं, डायल दुसऱ्या घरची. खिचडी हाय ही."

अप्पा म्हणाले, मग मुंबईच्या दुकानदारानं फसवलं असेल मला, नवं म्हणून मी उघडून बघितलंच नाही. मामा हळहळले. भला माणूस फसला, त्यात पोरीचा काय दोष, घड्याळाचं पुढं बघू, असं बोलणं सुरू झालं. सगळं सावरलंच होतं. तेवढ्यात मामांनी जाता जाता एक वाक्य टाकलं.

"ज्यानं हे केलं, तो लई लबाड माणूस असणार."

अप्पांनी मान डोलावली. दाराआडच्या महानंदाला तेवढं सोसलं नाही.

"लबाड न्हाईत ओ ते. माझ्या अप्पांनीच केलंय. ती खूण त्यांचीच की."

पाहुणे विड्याच्या पानाला हात न लावता उठले. खिचडी त्यांना चालली असती, थाप चालली नाही. दारात शिवशरण एकदा वळला; मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या साली महानंदा होटगीच्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका बिजवराला दिली. त्याला आधीची दोन पोरं होती. घड्याळ कुणी मागितलं नाही. अप्पा लेकीला एका शब्दानं बोलले नव्हते, म्हणून पेठ म्हणे, बाप असावा तर असा. पेठेला काय ठाऊक, की "थाप मी मारली, पोरी, चूक तुझी नव्हे," हे एक वाक्यही ते तिला बोलले नव्हते.

दिवाळीला ते होटगीला गेले. महानंदानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि खाली बघतच विचारलं,

"अप्पा, मी त्या दिवशी गप बसले असते तर?"

ते वाक्य ओठांशी आलं होतं. पण जन्मभर गिऱ्हाईक विचारील तेवढंच सांगायची जिभेला सवय.

"झालं असतं की लगीन," अप्पा म्हणाले.

महानंदानं मान हलवली आणि आत जाऊन परात ओढली. खाणारी माणसं मोजकीच होती. पण भाकरी थापल्याचा आवाज काही केल्या थांबेना.