काकांची अकरा मिनिटं

मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो आणि लंडनच्या एजवेअरहून मावशीचा फोन आला. "शनिवारी ये. कॅसेटची डिस्क करायचीय आणि मला वायरी दिसत नाहीत," एवढं सांगून तिने फोन ठेवला. मावशीची विनंतीसुद्धा हुकमासारखीच येते.

तिला अठ्ठ्याहत्तर वर्षं पूर्ण झाली आहेत. दोन वर्षांपासून तिच्या नजरेचा मधला भाग पुसट होत चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं जातं. दार दिसतं, कपबशी दिसते, माणसाचा चेहरा मात्र दिसत नाही. तो बघायचा तर मान तिरकी करून अगदी जवळ जावं लागतं. हे थांबणार नाही, असं हॉस्पिटलमध्ये तिला स्पष्ट सांगितलंय. काकांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा चालता-बोलता चेहरा घरातल्या एकाच कॅसेटवर होता आणि नजर पुरती जायच्या आत मावशीला तो बघायचा होता. पण टेप इतकी जुनी की एकदा चालली तर नशीब. म्हणून आधी डिस्क, मग बघणं, हे तिने ठरवून टाकलं होतं.

एकाच कॅसेटवर का, तर त्याला कारण मावशीच. आमच्या लोकांत कॅमेरा आला तेव्हा तो पुरुषांच्या गळ्यात असायचा. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुष बाहेरच्या खोलीत, मग शूटिंग करणार कोण? मावशीने मॅन्युअल वाचून काढलं आणि कॅमेरा खांद्यावर घेतला. हळदीकुंकवापासून सुरुवात झाली आणि मग बारशी, मुंजी, गणपती, सगळं तिच्याकडे आलं. एजवेअरमधल्या निम्म्या मराठी घरांच्या आठवणी या बाईने टिपल्यात. ती स्वतः मात्र एकाही कॅसेटमध्ये दिसत नाही. काका बिचारे स्वयंपाकघरात तीस जणींचा चहा गाळत उभे असायचे, त्यामुळे त्या एका कॅसेटखेरीज तेही कुठे नाहीत.

शनिवारी गेलो. तीस वर्षं कॉम्प्युटरच्या धंद्यात काढलेला माणूस मी, अर्ध्या तासाचं काम म्हणून बढाई मारली. खरं तर मला हे दुकानात देऊन मोकळं व्हायचं होतं. तसं सुचवूनही बघितलं.

"टेप अडकली तर तिथे कान लावून कोण बसणार आहे?" मावशीने विचारलं. मी वायरी उलगडायला घेतल्या.

एकीकडे जुना व्हीसीआर, दुसरीकडे डिस्क रेकॉर्डर, मध्ये रुंद तोंडाच्या स्कार्ट केबल. मी सगळं जोडलं. टीव्हीवर निळा पडदा. अदलाबदल केली, पुन्हा निळा पडदा. माझा पारा चढू लागला आणि मी कंपन्यांच्या नावाने बोटं मोडू लागलो. मावशी जमिनीवर बसली, टीव्हीच्या मागे हात घातला आणि म्हणाली, "अरे, दोन्ही टोकं आउटपुटलाच लावलीस की. एक गाठ म्हणजे बाहेर जाणारी, दोन गाठी म्हणजे आत येणारी."

मी बघितलं तर खरंच प्रत्येक केबलच्या टोकाला लाल दोरा होता, मोजून गाठी मारलेला. नजर जाणार हे कळल्यावर तिने एकेक केबल चाचपून ती तयारी करून ठेवली होती. मला स्वतःची लाज वाटली आणि तिचं भयंकर कौतुक वाटलं.

टोकं बदलली आणि पडद्यावर व्हीसीआरचा मेनू आला. पण व्हीसीआरने कॅसेट आत घेतली आणि लगेच बाहेर फेकली. तीनदा तसंच. "मशीन गेलं," मी म्हटलं.

"गेलं कसलं? प्लग काढ आणि झाकण उघड."

चार स्क्रू काढले. मावशीने बोटं आत घातली आणि कडेच्या पट्टीवरून हळूहळू फिरवत नेली. एका जागी ती थांबली आणि चिमटीत काहीतरी धरून माझ्या तळहातावर ठेवलं. कुंकू लागलेला तांदळाचा दाणा होता. ही बाई दर दसऱ्याला व्हीसीआरची पूजा करायची. हळदकुंकू, फूल, वर मूठभर अक्षता. इतक्या वर्षांच्या पूजेतली एक अक्षता नेमकी कॅसेटच्या वाटेत बसली होती.

"माझीच करणी," मावशी हसली. "यंदा नुसतं फूल."

मग टेप चालू झाली. मला वाटलं, आता ती टीव्हीला नाक लावणार. पण ती व्हीसीआरवर हात ठेवून, पडद्याकडे पाठ करून बसली. मशीनचा आवाज जरा बदलला की बोट स्टॉपवर. "मावशी, काका दिसतायत," मी म्हटलं. "रेकॉर्डिंग चालू असताना मी बघत नाही," ती म्हणाली. अकरा मिनिटं ती हलली नाही. मी तिच्या जागी असतो तर मला ते जमलं नसतं.

डिस्क पक्की झाली तेव्हा तिने स्टूल ओढलं, मान तिरकी केली आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर जाऊन बसली. हळदीकुंकू आटोपलेलं, बायका गेलेल्या, काका सोफ्यावर तिळगूळ खात बसलेले. बराच वेळ ते नुसतेच कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. शेवटी म्हणाले, "अगं, सगळे गेले. ठेव तो कॅमेरा आणि बस इथे जरा."

कॅमेऱ्यामागून मावशीचा तरुण आवाज आला, "एवढी टेप संपू दे, मग बसते."

आणि टेप संपली.

मावशी उठली आणि रिमोट माझ्या हातात दिला. त्या घरात तो दुसऱ्या कुणाच्या हातात मी कधी पाहिला नव्हता. "पहिल्यापासून लाव," म्हणाली आणि भिंतीला हात लावत सोफ्याकडे गेली. काका बसायचे ती जागा सोडून शेजारी टेकली.

"तिथून तुला दिसणार नाही गं," मी म्हटलं.

"चेहरा बघून झाला," मावशी म्हणाली. "आता बसते. केव्हाचे सांगतायत."